मागच्या खोलीतलं टेबल

मी, मथुराबाई, कै. कौतिक दगा महाजन यांची पत्नी, वय शहात्तर पुरं होऊन सत्त्याहत्तरावं चालू, शिक्षण चौथी आणि तीही अर्धी, राहणार लालबाग, बऱ्हाणपूर, हे माझ्या घरी, माझ्या खाटेवर बसून, माझ्या हातानं लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी दाब दिलेला नाही, भूल दिलेली नाही, कोणाच्या सांगण्यावरून मी काही करत नाही, हे माझ्या घरातल्या सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. पण नंदकुमार वकीलसाहेब म्हणाले की हे आधी लिहावंच लागतं, म्हणून लिहिलं.

वकीलसाहेब आधी म्हणाले, "मावशी, कचेरीत हिंदी चालते, हिंदीत लिहा."

मी म्हटलं, "साहेब, माझी हिंदी भाजीवाल्याशी भांडायला पुरते. मरायला नाही पुरत."

ते खूप हसले. म्हणाले, मराठीत लिहा, तर्जुमा मी जोडतो. चांगला माणूस. त्यांच्या आईच्या रेडिओचा व्हॉल्व मी बदलून दिला होता, तेव्हा ते चड्डीत होते.

आता लिहायची वेळ का आली ते. मला शुगर आहे. डाव्या हाताची तीन बोटं मेल्यासारखी झालीत. डॉक्टरांनी सुई टोचून विचारलं, "कळतं का आजी?" मी त्यांच्याकडे बघून हसले. त्यांनी दुसऱ्या बोटाला टोचली. मी परत हसले. ते म्हणाले, आजी फार खुशमिजाज आहेत. आहेच मी. पण तारेचं टोक डाव्या हातानं धरून ठेवल्याशिवाय उजव्या हातानं कथील लावता येत नाही. तार गरम झाली तरी मला कळत नाही, कातडीचा वास आला की कळतं. म्हणून सोय लावायची आहे ती टेबलाची. घराचं काय, ते उभंच आहे.

तरी घर पहिल्यांदा लिहितात म्हणून पहिल्यांदा घर.

कलम पहिलं. लालबागमधलं राहतं घर, पुढची ओसरी, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची खोली धरून, माझी सून अलका निरंजन महाजन हिला मी देत आहे. यात माझी मुलगी कविता, जिला जसोंडी गावात दिली, तिनं हरकत घेऊ नये. कविताला माझ्या पाटल्या आणि पितळेची मोठी घागर. घागर तिच्या सासूला फार आवडायची. लग्नात मागितली होती, मी दिली नव्हती, म्हटलं होतं, माझ्या मेल्यावर घ्या. सासूबाई आधी गेल्या. आता कविताने घागर न्यावी आणि त्यांच्या फोटोसमोर ठेवावी, म्हणजे मी शब्दाला जागले असं होईल.

कलम दुसरं. बँकेत जे असेल त्यातून माझं दहावं-तेरावं करावं, उरेल ते अलकाला. तेराव्याला भजनी मंडळ बोलवावं. माईक लावू नये असं मी म्हणत नाही. लावला तर माझ्या हातच्या डब्यावरून लावावा, डबा म्हणजे काय ते पुढं येतंच. दुसऱ्या कोणाच्या नाही.

अलका आत्ताच चहा ठेवून गेली. म्हणाली, "आई, मृत्युपत्र लिहून राहिल्या का पोथी?"

मी म्हटलं, "पोथीच्या शेवटी फळ असतं गं, याच्या शेवटी वाटणी."

"मग चहा आधी घ्या. वाटणी थंड झाली तरी चालते."

तिला बोलता येतं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडते, हे तिला मी कधी सांगितलं नाही. सासूनं सांगायचं नसतं, असं माझी सासू म्हणायची. आता इथं लिहिलं आहे, म्हणजे कचेरीत शिक्का बसेल.

कलम तिसरं, आणि खरं तर हेच. मागच्या खोलीतलं कामाचं टेबल, त्यावरचं मीटर, कथलाची कांडी, पकडी, कटर, व्हॉल्वची पेटी, जुन्या रेडिओंचे सांगाडे, आणि पत्र्याचे रिकामे डबे. हे सगळं मिळून मी एकच वस्तू धरते. ती कोणाला द्यायची ते या कागदाच्या शेवटी येईल. आधी ती माझी कशी झाली ते लिहावं लागेल, नाहीतर वाचणारा म्हणेल, चौथीच्या बाईला हे टेबल कुठून.

माझे यजमान शनवारा वेशीजवळ दुकान चालवायचे. कौतिक साउंड. रेडिओ दुरुस्ती आणि लग्नाचे भोंगे. हात सोन्याचा, पण डोळ्यांना लाल आणि हिरवा एकच दिसायचा. हे त्यांनी बाजारात कोणाला कळू दिलं नाही. रेडिओतल्या रेझिस्टन्सवर रंगाचे पट्टे असतात, त्यावरून त्याची ताकद ओळखायची. त्यांना पट्टे दिसत, रंग दिसत नसत. मग माल घरी आणायचे आणि मला हाक मारायचे, "मथुरा, हिच्या हातात काय आहे सांग." मी सांगायची, पिवळी बांगडी, मग जांभळी, मग लाल. पुढं मीच हिशेब सांगायला लागले, पुढं मीच लावायला लागले. ते मग खाटेवर पडून म्हणायचे, "आता तिथं बघ. आता दोन नंबरच्या पायावर बघ." गावाला वाटायचं कौतिकशेठ रात्रंदिवस राबतात. मला त्याची मजा वाटायची. अजून वाटते.

त्यांनी मला पहिलं शिकवलं ते हे की पिन लावलेल्या, चालू रेडिओत हात घालताना डावा हात पाठीमागे. पदरात खोचून. दोन्ही हात आत घातले तर करंट एका हातानं शिरतो, काळजातून जातो आणि दुसऱ्या हातानं निघतो. एकच हात आत असेल तर काळीज त्याच्या वाटेत येत नाही. सोन्याच्या बांगड्या काढून काचेच्या घालायच्या. मंगळसूत्र पाठीवर टाकून झंपरला पिन लावायची, कारण ते लोंबलं आणि आत शिवलं तर संपलं. माझी सासू ओरडायची, "नवरा जिता असून मंगळसूत्र पाठीवर टाकते!" ते म्हणायचे, "आई, पाठीवर टाकते म्हणून तर नवऱ्याला बायको जिती मिळते." ते गेल्यावर पिन लावायचं तेवढं काम कमी झालं.

भोंग्यांचं मशीन असतं, त्याला माईक सरळ लावला तर आवाज चिमणीएवढा येतो. मधे एक डबा लागतो, तो चिमणीचा मोर करतो आणि मग मशीनला देतो. त्याला प्रीअँप म्हणतात. मी त्याला डबाच म्हणते, कारण मी तो बिस्किटाच्या किंवा फरसाणाच्या डब्यातच करते. आत एक व्हॉल्व, काचेचा, कंदिलाच्या वातीसारखा लाल दिसतो. आजकाल व्हॉल्व कोणी वापरत नाही, पण गाणाऱ्यांना पाहिजे असतो. आवाजाला साय येते. तयार घ्यायचा तर म्हशीच्या भावात येतो, भंगारातल्या रेडिओतून केला तर बकरीच्याही भावात नाही. या तालुक्यातल्या पुष्कळ भजनी मंडळांकडे माझे डबे आहेत. अजून एकानंही कोणाला चटका दिलेला नाही.

चौथं कलम टिकलीचं आहे.

जुन्या काळी काही रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवाय यायचे. लाईनीची एक तार सरळ रेडिओच्या लोखंडी अंगालाच जोडलेली असायची. पिन एका बाजूनं लावली तर अंग थंड. उलटी लावली तर सगळं अंग लाईनीत, हात लावला की झटका. रेडिओ दोन्ही बाजूंनी सारखाच गातो, म्हणून ऐकून कळत नाही. त्यासाठी आमच्याकडे चाल होती, पिनीच्या वरच्या अंगाला नेलपॉलिशची लाल टिकली लावायची. टिकली वर ठेवली की बरोबर. बऱ्हाणपुरात आमच्या दुकानातून गेलेल्या अशा प्रत्येक रेडिओला टिकली असायची. बाया म्हणायच्या, कौतिकशेठकडचा रेडिओ सवाष्ण असतो.

पण यजमान टिकली लावूनही गिऱ्हाइकाच्या घरी जायचे, पिन लावायचे आणि रेडिओच्या अंगाला टेस्टर लावून बघायचे. टेस्टरचा दिवा लागला नाही, तरच चहा घ्यायचे. कारण भिंतीतला बोर्ड कोणी उलटा जोडला असेल तर टिकली काय करणार. टिकली पिनीवर असते, बोर्डाला ती दिसत नाही.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, भंडारा होता फोपनार गावाला. यजमान टायफॉइडनं पडलेले. मंडळाला डबा पाहिजे होता, माझे दोन्ही डबे चांदनी गावाला लग्नात गेलेले. माझे दीर मोतीलाल म्हणाले, "वहिनी, मी बनवतो, दुपारपर्यंत देतो." त्यांनी तसल्याच एका रेडिओचा सांगाडा घेतला आणि त्यात माईकची जागा केली. ट्रान्सफॉर्मर घातला नाही. मी स्वयंपाकात होते. माझा मुलगा निरंजन शाळेत मास्तर, सुटीच्या दिवशी हौसेनं भोंगे लावायला जायचा. तो डबा घेऊन निघाला तेव्हा मोतीलाल भाऊजी दारातून म्हणाले, "टिकली वर ठेव फक्त, काही होत नाही."

त्यानं वर ठेवली. हे नंतर सगळ्यांनी बघितलं, टिकली वरच होती. मांडववाल्याचा बोर्ड उलटा जोडलेला होता.

धूळ बसावी म्हणून मांडवात पाणी शिंपडलं होतं. देव मांडलेला, म्हणून तो अनवाणी होता. मी मांडवाच्या मागे बायकांबरोबर पोळ्या लाटत होते. भोंग्यातून त्याचं "हॅलो" ऐकलं. नंतर भोंग्यातून नुसती गुणगुण आली, जशी अर्थिंगची तार सुटल्यावर येते. मी बाजूच्या बाईला म्हटलं, अर्थ सुटली वाटतं. मग मांडवात धावपळ झाली.

लोक म्हणाले, मथुराबाई दगड झाली. दगड नाही झाले. पीठ भिजवलेलं होतं, पोळ्या पुऱ्या केल्या. माणसं जेवायची होती. मला अजून रडू आलेलं नाही. येईल असं वाटायचं, मग तसं वाटणंही राहून गेलं. सकाळी उठते, चहा घेते, हसते. यजमान त्या अंथरुणावरून उठलेच नाहीत.

त्या दिवसापासून अलका मागच्या खोलीत आलेली नाही. उंबऱ्यावरून चहाचा कप आत सरकवते. मी आत बसते, ती बाहेर. मी काम सोडलं नाही. तिनं सोडा म्हटलं नाही.

मोतीलाल भाऊजी रोज चारला येतात. ओसरीवर बसतात.

"वहिनी, लाईट गेली होती का?"

"गेली होती."

"आमच्याकडेही गेली होती."

चहा घेतात, जातात. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. तर या कलमानं मी माझे दीर मोतीलाल दगा महाजन यांना माझ्या यजमानांचा टेस्टर देते. तो खिशात अडकवायचा आहे, पेनासारखा. बाकी काही नाही. का, हे त्यांना सांगायची गरज पडणार नाही. त्यांचा चहा मात्र माझ्यामागे बंद करू नये. साखर अर्धा चमचा, त्यांनाही शुगर आहे.

कलम पाचवं. चारुलता. नाव लिहितानाच अक्षर मोठं आलं बघा.

चारुलता माझी नात, अलका-निरंजनची एकुलती. बाप गेला तेव्हा आठवीत होती, आता इंदूरला कॉलेजात आहे. सुटीत येते तेव्हा मोबाइल आणि माईक घेऊन केळीच्या मळ्यांतून हिंडते, म्हाताऱ्या बायांची जात्यावरची, आखाजीची गाणी भरून घेते. घड निघाले की बाया मोकळ्या असतात, बांधावर बसून गातात. मागच्या उन्हाळ्यात माझा एक डबा घेऊन गेली आणि फोपनारच्या वंदनाबाईचं गाणं भरून आणलं. माझ्या दोन्ही कानांवर ते गोल लावलं आणि म्हणाली, "आजी, आता सुन." वंदनाबाईला दात नाहीत. शब्दाच्या आधी ती जो श्वास घेते तो मला ऐकू आला. हातातली बांगडी पायातल्या कांबीला लागते ती ऐकू आली. मी ओरडलेच, "अगं ही तर माझ्या कानात बसून गाते!" चारु उठून नाचायला लागली आणि मी बसल्या जागी हात हलवले. अलका दारातून म्हणाली, "दोघी येड्या झाल्या." बऱ्याच दिवसांत मी एवढी खुश दिसले नव्हते म्हणे.

तो डबा मी एका भजनी मंडळासाठी केलेला होता, त्यांना द्यावा लागला. या दिवाळीला ती आली, अजून इथंच आहे. आली तेव्हा तिच्या बॅगेत एक डबा. चकचकीत, नवीन. "आजी, मी खुद बनवला. बघ ना!"

मी उघडला. व्हॉल्व बरोबर लावलेला. कथील गुळगुळीत, थेंब थेंब सारखे. हात बापाचा नाही, आजोबाचा आहे. आणि ट्रान्सफॉर्मर नव्हता. लाईनीची एक तार सरळ पत्र्याला. दोन दांड्यांची पिन.

मी म्हटलं, "ट्रान्सफॉर्मर कुठं?"

"उसके बिना पण चालतो, आजी. नेटवर एकानं दाखवलंय. सस्ता पडतो, वजन पण कमी. फक्त पिन सीधी लावायची, मी मार्करनं निशाण केलंय."

अलका दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. म्हणाली, "तुझ्या बापानंही निशाण वर ठेवलं होतं."

कुकरची शिट्टी झाली ती ऐकू आली.

मग अलका म्हणाली, "हे सगळं तापीत टाका आई. टेबलासकट. मी रिक्षा बोलवते."

चारु म्हणाली, "टाका. माझ्या रूमवर पण सॉकेट आहे."

अलका आत गेली आणि तिनं वरणाला फोडणी घातली. मी कटर घेऊन चारुच्या डब्याची पिन कापून टाकली. ती रडली. मी हसत होते असं अलका म्हणते. तोंड तसं झालं असेल, मला माहीत नाही. मला काही वाटलं नाही एवढंच आठवतं. फोपनारलाही असंच झालं होतं, ते आठवलं आणि मग मात्र मला वाटलं की टेबलाचं लिहून ठेवावं.

कारण ती करणार. मी तिचं कथील बघितलं आहे. असं कथील लावणारं माणूस कोणाच्या मना करण्यानं थांबत नाही. ती एक तर माझ्या टेबलावर करील, नाहीतर इंदूरला खोलीचं दार लावून करील.

कलम सहावं. टेबल ज्याच्याकडे जाईल त्यानं डबा कसा करायचा ते. हे कायद्यात बसतं का, असं मी वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मावशी, अट म्हणून लिहा."

तर अट अशी. मोठा ट्रान्सफॉर्मर महाग पडतो म्हणून लोक सोडतात. सोडायचा नाही. बारा व्होल्टचे दोन लहान घ्यायचे, जुन्या चार्जरमधले, टेपमधले चालतात, भंगारात ढिगानं असतात. दोघांना पाठीला पाठ लावून जोडायचं. पहिला लाईन घेतो आणि खाली बारावर आणतो. तिथून व्हॉल्वची वात पेटते. दुसरा त्या बाराला उलटा धरून परत वर चढवतो, तो करंट व्हॉल्वच्या पोटाला. आता भिंतीतली तार डब्यातल्या कशालाच शिवलेली नसते. मग बोर्ड सुलटा असो की उलटा, माईक धरणाऱ्याला त्याचं काही नाही. एवढंच आहे. वजन मूठभर वाढतं.

पिन तीन दांड्यांची. तिसरी, अर्थिंगची, तार पत्र्याला स्क्रूनं पक्की, रंग खरवडून, नुसतं कथील लावून नाही. आत फ्यूज. वातीच्या तारा वेणीसारख्या पिळून कोपऱ्यातून न्यायच्या, नाहीतर गुणगुण येते. इथं शेजारी पावरलूम आहेत, लाईन दिवसभर खालीवर होते, मोटार सुरू झाली की डबा कण्हतो. त्याला काही करता येत नाही, गाणं दुपारी लूमवाले जेवायला गेले की भरावं.

आणि कंडेन्सर. हे सगळ्यात मोठ्यानं वाचावं. पिन काढली म्हणजे डबा मेला असं नाही. मोठा कंडेन्सर करंट धरून बसतो, रुसलेल्या माणसासारखा, वरून काही दिसत नाही. त्याच्यावर दोन रेझिस्टन्स आडवे घालायचे, ते त्याला हळूहळू रिकामा करतात. दोन अशासाठी की एक जळला तर दुसरा. तरी विश्वास ठेवायचा नाही. मीटरची काळी तार पत्र्याला चिमट्यानं लावायची, लाल तार एका हातानं कंडेन्सरला. काटा खाली येताना बघायचा. शून्यावर येऊन बसला की मगच आत बोट. घाई असेल तर त्या दिवशी काम करू नये. पायात रबरी चप्पल. खोलीत एकट्यानं काम करायचं नाही. मी पुष्कळ वर्षं एकटीनं केलं. कारण दुसरं कोणी नव्हतं.

कलम सातवं आणि शेवटचं. टेबल कोणाला.

मनात पहिल्यापासून चारुलता होती. पण टेबल परस्पर चारुला दिलं तर ते अलकाच्या डोक्यावरून दिल्यासारखं होईल. नवरा तिचा गेला, मुलगी तिची आहे. म्हणून तिसऱ्या कलमात लिहिलेली ती सगळी वस्तू मी अलकाच्या हवाली करते. तिनं ती चारुला द्यावी, भंगारवाल्याला द्यावी, किंवा म्हणाली तशी राजघाटावरून तापीत सोडावी. तिन्हींतलं काहीही केलं तरी माझा आत्मा कुठं अडकणार नाही, हे मी लेखी देते.

हे मी काल तिला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

म्हणाली, "म्हणजे सगळं माझ्या गळ्यात."

"हो."

"मी तापीत टाकलं तर?"

"तर टाक."

"आणि ती इंदूरला जाऊन तसलंच करील."

"करील."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का हो आई?"

मी म्हटलं, "नाही वाटत गं. म्हणून तर तुला विचारते. तुला वाटतं."

तिनं निवडलेली भाजी आणि काड्या एकाच ताटात टाकल्या आणि उठून गेली. मला वाटलं रिक्षा बोलवायला गेली.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात कोरी जागा सोडू नये. म्हणून आज, सह्या व्हायच्या आधी, अलकानं तिचं काय ते तिच्या हातानं इथंच लिहावं. लिहायचं नसेल तर मी आडवी रेघ मारीन.

*

टेबल चारुलताला द्यावे. माझी संमती आहे. ती काम करील तेव्हा मी त्या खोलीत बसेन. पिन मी काढीन. मीटरचा काटा शून्यावर आलेला आधी मी बघेन, मग ती हात घालील. इंदूरला काही करणार नाही असे तिने माझ्या पायाला हात लावून कबूल केले आहे. मीटर कसे वाचायचे ते आज दुपारी आईंनी मला मागच्या खोलीत शिकवले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर आले.
— सौ. अलका निरंजन महाजन

*

वरच्या ओळी अलकानं माझ्यासमोर लिहिल्या. नावाआधी सौ. तिनं सवयीनं लिहिलं. खोडू का म्हणाली, मी म्हटलं राहू दे. वकीलसाहेबांनी त्याला हरकत घेऊ नये.

सात कलमं झाली. याच्या आधी मी कधी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून आधीचं रद्द करायचा प्रश्न नाही. लिहिलेलं सगळं मी परत वाचलं आणि ते माझ्या मनाप्रमाणे आहे. डाव्या हाताच्या अंगठ्याला स्पर्श कळत नाही म्हणून उजव्याचा घेतला आहे, सही तर केलीच आहे.

(सही) मथुराबाई कौतिक महाजन
उजव्या अंगठ्याचा ठसा

आम्हा दोघांसमोर आणि एकमेकांसमोर मथुराबाईंनी शुद्धीत व राजीखुशीने सही केली, म्हणून साक्ष.

साक्षीदार १: शोभा रमेश चौधरी, शेजारीण, लालबाग (सही)
साक्षीदार २: ॲड. नंदकुमार, बऱ्हाणपूर (सही)

ठिकाण: मागची खोली, महाजन यांचे राहते घर, लालबाग, बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश
तारीख: १९ नोव्हेंबर २०२४